घर गुलाम, तर देश मोकळा कसा?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें असें मत असतें कीं, देशभक्ति ही एक गोष्ट आणि लग्न ही दुसरी. देशभक्ति तरुणांनीं सभेंत करावी, आणि लग्न वडील माणसांनीं ओसरीवर बसून ठरवावें. ज्या पोरानें सकाळीं सभेंत छाती काढून भाषण केलें, त्यानेंच संध्याकाळीं ओसरीवर मान खालीं घालून बसावें, आणि त्याच्याबद्दल देण्याघेण्याची जी बोली चालते ती मुकाट्यानें ऐकावी. मुलीनें तर दोन्ही ठिकाणीं मान खालींच ठेवावी. आम्ही खेड्यांतल्या शाळेंत इतकीं वर्षें मुलें शिकवीत आलों. आम्हांलाही ही वांटणी फार दिवस बरोबरच वाटत होती. ती चूक आहे, हें आम्हांस एका दूरच्या देशाच्या पुस्तकांनीं शिकविलें. त्या पुस्तकांची हकीकत आज शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें ठेवावयाची आहे.

तो देश फिलिपाइन्स. म्यानमार, थायलंड, व्हिएटनाम यांच्याही पलीकडे, चीनच्या दक्षिणेस समुद्रांत सात हजारांहून अधिक बेटें आहेत, तीं मिळून हा देश होतो. तेथील शेतकरी भात पिकवितो, चिखलणीला रेडा जुंपतो, ऊंस व नारळ लावतो. १५६५ सालापासून १८९८ सालापर्यंत, म्हणजे तीनशें वर्षांवर, त्या देशावर स्पेनचें राज्य होतें. नंतर अमेरिकेचें झालें, मध्यें १९४२ पासून तीन वर्षें जपान्यांनीं धुमाकूळ घातला, आणि ता. ४ जुलै १९४६ रोजीं तो देश स्वतंत्र झाला.

स्पेनचें राज्य म्हणावयाचें, पण खेड्यांत स्पेनचा अंमलदार क्वचितच दिसे. दिसत ते फ्रायर, म्हणजे ख्रिस्ती मठांतले गोरे साधू. आपण त्यांना मठवाले म्हणूं. कित्येक ठिकाणीं जमीन मठाची, शाळेवर देखरेख मठवाल्याची. लग्न लावणार मठवाला, मूठमाती द्यावयाची कीं नाहीं हें ठरविणारही तोच. शेत, शाळा, बोहलें आणि मसण या चारही गोष्टी एकाच्या मुठींत असल्यावर माणसाजवळ स्वतःचें असें काय उरतें? वाचकांनीं आपल्या मनाशीं जें ताडून पाहावयाचें तें पाहावें. आम्ही फिलिपाइन्सचीच गोष्ट सांगतों.

पहिली गोष्ट एका लोहाराच्या मुलाची. फ्रान्सिस्को बालागतास हा १७८८ सालीं बुलाकान प्रांतांत एका लोहाराच्या घरीं जन्मला. शिकण्यासाठीं मनिला शहरीं एका घरीं चाकरीस राहिला आणि शिकून कवि झाला. त्याचें एका मुलीवर प्रेम बसलें. परंतु तिच्यावर एका धनवानाचाही डोळा होता. त्या धनवानानें आपलें वजन खर्चून लोहाराच्या पोराला तुरुंगांत घालविलें, व मुलीशीं आपण लग्न केलें, अशी हकीकत त्याच्या चरित्रांत सांगतात. पुढें १८३८ सालीं त्याचें ‘फ्लोरान्ते आणि लाउरा’ हें मोठें काव्य प्रसिद्ध झालें. तें त्यानें आपल्या लोकांच्या टागालोग भाषेंत रचलें.

या काव्यांतली कथा दूरच्या आल्बेनिया देशांत घडते. राजाच्या पदरच्या एका दुष्टानें गादी बळकाविली आहे, आणि फ्लोरान्तेच्या लाउरेवरही त्याचा डोळा आहे. फ्लोरान्तेला रानांत झाडाला बांधून टाकलेला आहे. त्याला सोडविणारा कोण, तर आलादिन नांवाचा परधर्मी, म्हणजे मुसलमान. तोही दुःखी आहे. कारण त्याची नियोजित वधू त्याच्या स्वतःच्या बापानेंच, सुलतानानेंच, हिरावून घेतली आहे. दोन शत्रुधर्मांचे तरुण रानांत भेटतात आणि एकाचें दुःख दुसऱ्याला समजतें. आल्बेनियाचें नांव पुढें करून कवीनें आपल्याच देशाचें गाऱ्हाणें गाइलें, असें जाणते वाचक म्हणतात. लोहाराच्या मुलानें एक गोष्ट नीट ओळखली होती: जो हात दुसऱ्याची वाग्दत्त वधू ओढतो, तोच हात राज्यही ओढतो. लोभ एकच, घरांत तो लग्न बिघडवितो आणि दरबारांत देश बुडवितो.

यानंतर तेथें एक वेगळ्या वळणाचें पुस्तक फार वाचलें गेलें. १८६४ सालीं मोदेस्तो द कास्त्रो नांवाच्या एका देशी पाद्र्यानें ‘उर्बाना आणि फेलीसा’ हें पुस्तक काढलें. उर्बाना व फेलीसा या दोन बहिणी. एक मनिलास शिकावयास गेलेली, दुसरी गांवीं. त्या एकमेकींना पत्रें लिहितात, आणि कसें बसावें, कसें बोलावें, वडिलांशीं कसें वागावें, लग्नाच्या वेळीं काय ध्यानांत धरावें, याचे धडे त्या पत्रांत आहेत. पुस्तक वाईट नाहीं. स्वच्छता, मर्यादा, गोड बोलणें हीं कोणाला नको आहेत? परंतु आज्ञा पाळणें हाच सद्गुणांचा राजा, हा त्या शिकवणुकीचा गाभा. आज्ञा देणारा खोटा निघाला तर मुलीनें काय करावें, याचें उत्तर तींत सांपडत नाहीं. तें उत्तर द्यावयास पंचवीस वर्षांनीं दुसरा माणूस उभा राहिला.

तो होसे रिझाल. त्याचा जन्म ता. १९ जून १८६१ चा, कालांबा गांवचा. घर खातेंपितें, परंतु जमीन डोमिनिकन मठाची. रिझालचे वडील त्या मठाचे खंडकरी. खंडावरून तंटा लागला आणि १८९०-९१ च्या सुमारास रिझालच्या कुटुंबालाच नव्हे, तर गांवांतल्या अनेक कुळांना घरांतून बाहेर काढण्यांत आलें. हा मुलगा अठरा वर्षांचा असतांना त्यानें फिलिपिनो तरुणांना उद्देशून स्पॅनिश भाषेंत कविता लिहिली व बक्षीस मिळविलें. १८७९ सालच्या त्या कवितेंत त्यानें तरुणांना देशाची आशा म्हणून हांक मारली, आणि तो देश फिलिपाइन्स आहे, स्पेन नव्हे, हें उघड होतें. पुढें तो युरोपांत गेला, डोळ्यांचा डॉक्टर झाला, आणि त्यानें दोन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली ‘नोली मे तांगेरे’, १८८७ सालीं बर्लिन शहरीं छापली. दुसरी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’, १८९१ सालीं गेंट शहरीं. पहिल्या नांवाचा अर्थ ‘मला शिवूं नका’. शरीरावर असें एक दुखणें असतें कीं, बोट लावलें तरी कळ उठते; समाजाचें तसलें दुखणें आपण उघडें करीत आहों, असें त्यानें आरंभींच सांगितलें आहे.

आम्हीं हें पुस्तक इंग्रजी भाषांतरावरून वाचलें. त्यांत एक खेड्यांतला मास्तर आहे. त्याच्यावर आमची नजर खिळून राहिली. त्याची शाळा मठवाल्याच्या घराच्या तळमजल्यावर, त्याच्या गाडीच्या शेजारीं भरते. मुलांनीं मोठ्यानें वाचलें तर वरून शिव्या येतात. मास्तर एकदां छडी टाकून देतो, आणि त्याला असें दिसतें कीं, मुलें आतां धीट झालीं, जास्त येऊं लागलीं, जास्त शिकूं लागलीं. मठवाल्याला हें कळतांच तो मास्तराला बोलावून दटावतो. छडीशिवाय विद्या कसली? गांवांतले आईबापही छडीच्याच बाजूचे. शेवटीं मास्तर नमतो. मुलांना स्पॅनिश शिकविण्याचा त्याचा बेतही असाच थट्टेंत उडतो. आमच्याही टेबलावर बरींच वर्षें छडी असे. ती मुलांच्या भल्यासाठीं आहे असें आम्ही म्हणत असूं. या मास्तराची हकीकत वाचल्यावर आम्हांस कळलें कीं, जें मूल शाळेंत हात पुढें करून मुकाट्यानें मार घेतें, तें मोठेपणीं साहेबापुढें, सावकारापुढें आणि बोहल्यावरही तसाच हात पुढें करतें.

या कादंबरीचा नायक इबारा सात वर्षांनीं युरोपांतून गांवीं येतो. बाप तुरुंगांत मेला आणि मठवाल्याच्या हुकुमानें त्याचें प्रेतही कबरींतून उकरलें गेलें, हें त्याला कळतें. तरी तो सूड न घेतां गांवांत शाळा बांधावयास निघतो. मारिया क्लारा ही त्याची वाग्दत्त वधू, लहानपणापासूनची मैत्रीण. परंतु दामासो नांवाचा मठवाला हें लग्न मोडतो, आणि इबारावर बंडाचा खोटा आळ येतो. हा दामासोच मारिया क्लाराचा खरा बाप असतो! आईची अब्रू झांकण्यासाठीं मुलगी इबाराचें एक पत्र शत्रूंच्या हातीं देते, आणि त्याच पत्राचा आधार घेऊन इबाराला गुन्हेगार ठरविण्यांत येतें. ती दुसऱ्या एका स्पॅनिश मुलाशीं लग्नाला रुकार देते. पण इबारा मेला अशी बातमी येतांच मठांत जोगीण होते, आणि दुसऱ्या कादंबरींत तेथेंच तिचा शेवट होतो.

वाचकहो, येथें आम्हांस थोडें भांडावयाचें आहे. पुढें त्या देशांत मारिया क्लारा म्हणजे सुशील मुलीचा नमुना, अशी समजूत रूढ झाली. तिच्या नांवाचा पोशाखसुद्धां आहे. समारंभाला बायका तो घालतात. मुलगी नाजूक, लाजरी, हळू बोलणारी असली कीं ‘मारिया क्लारा’! आम्ही विचारतों, पुस्तक नीट वाचलें तर असें कोण म्हणेल? ती प्रेमळ आहे यांत शंका नाहीं. पण तिच्या घरीं कोणीं तिला खरें सांगितलें नाहीं, कोणीं तिला विचारलें नाहीं, नाहीं म्हणावयास कोणीं शिकविलें नाहीं. त्याचें फळ असें झालें कीं, जिच्यावर प्रेम करणारा देशासाठीं शाळा बांधीत होता, तिच्याच हातून त्याचा घात झाला. लेखकानें जी जखम दाखविली, तीच लोकांनीं दागिना म्हणून अंगावर घातली.

त्याच पुस्तकांत सीसा नांवाची गरीब बाई आहे. नवरा कोंबड्यांच्या झुंजींवर पैसे उडविणारा, घरीं येऊन मारणारा. दोन लहान मुलें देवळांत घंटा वाजवावयास ठेवलेलीं. त्यांच्यावर चोरीचा आळ येतो, धाकटा पुन्हां दिसत नाहीं, आणि आई वेडी होऊन रानोमाळ हिंडते. सीसा नवऱ्याला देव मानते. त्यानें मारलें तरी मुलांसाठीं केलेलें जेवण त्याला खाऊं देते. रिझालला तिची दया येते, पण तिच्या या सोसण्याची आरती तो ओवाळीत नाहीं. मोठ्या घरची मारिया क्लारा असो कीं गरिबाघरची सीसा असो, दोघींना एकच शिकवण मिळाली होती: सोस आणि गप्प राहा.

ही पहिली कादंबरी छापून दोन वर्षेंही झालीं नसतील, तोंच एक नवल घडलें. मालोलोस गांवच्या विसेक तरुण मुलींनीं ता. १२ डिसेंबर १८८८ रोजीं खुद्द गव्हर्नर-जनरल वेलेर याच्या हातीं अर्ज दिला, कीं आम्हांला स्पॅनिश शिकावयाचें आहे, रात्रीची शाळा काढूं द्या. तेथील मठवाल्यानें मोडता घातला. मुलींनीं अर्ज सोडला नाहीं. शेवटीं शाळेला परवानगी मिळाली. ती फार महिने चालूं शकली नाहीं, पण निघाली तर खरी. तेव्हां रिझाल लंडनमध्यें होता. मित्रानें कळविल्यावरून त्यानें फेब्रुवारी १८८९ मध्यें या मुलींना टागालोग भाषेंत एक लांबलचक पत्र लिहिलें.

हें पत्र आम्हांस दोन्ही कादंबऱ्यांइतकेंच मोलाचें वाटतें. रिझाल त्यांत कबूल करतो कीं, कादंबरी लिहितांना आपल्या देशांत धीट मुली किती आहेत याचा आपण विचार केला होता, तेव्हां फारच थोड्या आठवल्या. मालोलोसच्या मुलींनीं त्याला आनंदानें चुकीचें ठरविलें. पुढें तो म्हणतो कीं, गुडघे टेंकून लांब लांब प्रार्थना करणें आणि मठवाल्याचा हात चुंबणें यालाच धर्म समजूं नये. देवानें प्रत्येकाला बुद्धि दिली आहे ती वापरावी. जी आई स्वतः गुलाम, तिच्या मांडीवर मोकळ्या मनाचें मूल कसें वाढेल? आणि लग्नाविषयीं त्याचा उपदेश असा, कीं मुलीनें गोड बोलण्यावर व नटण्यावर भुलूं नये. ज्याचें मन कणखर आहे, जो अपमान मुकाट्यानें गिळणार नाहीं, असा नवरा पाहावा. म्हणजे नवरा निवडणें हेंही देशाचेंच काम झालें! भेकडाला माळ घातली तर घरांत भेकडांचीच पैदास वाढेल, हें तो निर्भीडपणें सांगतो.

दुसऱ्या कादंबरींतला ताल्येस हा शेतकरी आमच्या वाचकांना आपल्या भावकींतला वाटेल. त्यानें रान तोडून, तापानें घरचीं माणसें गमावून जमीन कसली. उसाला पेर येतें न येतें तोंच मठवाले म्हणाले, ही जमीन आमची, खंड दे. वीस-तीस पेसोंपासून खंड चढत चढत दोनशेंवर गेला. तो कोर्टांत गेला, हरला, आणि पुढें चोरांनीं त्याला धरून नेलें. त्याची मुलगी हुली हिनें बापाला सोडविण्यासाठीं कर्ज काढलें आणि त्यापायीं दुसऱ्याच्या घरीं मोलकरीण राहिली. तिचें लग्न बासिल्योशीं ठरलेलें. हा बासिल्यो म्हणजे त्या सीसेचाच वांचलेला मुलगा. आतां डॉक्टरी शिकणारा. विद्यार्थ्यांच्या चळवळीच्या संशयावरून त्याला पकडतात. त्याला सोडवावें म्हणून हुलीला मठवाल्याकडे जावयास लोक गळ घालतात. तो कसा आहे हें तिला ठाऊक आहे. ती जाते, आणि त्या मठाच्या खिडकींतून उडी टाकून जीव देते. जमीन गेली, बाप चोरांना मिळाला, लग्न मोडलें, पोर मेली. खंडाच्या पावतीपासून निघालेला दोरा थेट मुलीच्या अब्रूपर्यंत जातो. जमिनीचा प्रश्न वेगळा आणि लग्नाचा प्रश्न वेगळा असें म्हणणाऱ्यांनीं एवढें एक प्रकरण वाचावें.

शहरांतली गोष्ट निराळी, पण तिचाही शेवट बरा नाहीं. इसागानी हा तरुण कवि आणि पाउलीता ही श्रीमंत घरची सुंदर मुलगी. इसागानी तिच्यापुढें देशांत आगगाड्या धांवतील, कारखाने निघतील, लोक मोकळे होतील, अशीं स्वप्नें बोलून दाखवितो. तिला त्याच्या समुद्रकांठच्या गांवीं जावयाचें तें आगगाडी झाल्यावर! इसागानी तुरुंगांत पडतो तेव्हां ती हुशारीनें दुसऱ्या श्रीमंत मुलाशीं लग्न लावते. त्या लग्नाच्या मेजवानींत मोठमोठे अंमलदार जमणार असतात, म्हणून इबाराच, आतां सिमून नांवाचा जव्हेरी बनून, तेथें स्फोटक भरलेला दिवा ठेवतो. इसागानीला हें कळतें आणि पाउलीतेचा जीव जाईल म्हणून तो दिवा उचलून नदींत फेंकतो.

इसागानीनें बरें केलें कीं वाईट? आमच्या मतें बरें केलें. सूडानें पेटलेल्या दिव्यानें देशांत उजेड पडत नाहीं, हेंच रिझालला सांगावयाचें आहे. शेवटीं फ्लोरेंतिनो नांवाचा म्हातारा देशी पाद्री मरणाऱ्या सिमूनला हेंच समजावतो, आणि त्याच्या दागिन्यांची पेटी समुद्रांत टाकून देतो. या फ्लोरेंतिनोची पूर्वकथा वाचकांनीं विसरूं नये. त्याला पाद्री व्हावयाचें नव्हतें; त्याचें एका मुलीवर प्रेम होतें. परंतु आईनें नवस केला होता! आईच्या हट्टापायीं त्यानें झगा चढविला, आणि त्या मुलीनें निराशेनें दुसऱ्याशीं लग्न केलें. देशाचे तरुण कोठें आहेत, अशी आर्त हांक ज्याच्या तोंडीं लेखकानें घातली, त्याचें स्वतःचें तारुण्य घरच्यांनींच गिळलेलें होतें. हा योग लेखकानें उगाच जुळविला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ता. ३० डिसेंबर १८९६ रोजीं रिझालला मनिलांत गोळ्या घातल्या. तो पस्तीस वर्षांचा होता. पण तोंपर्यंत त्याचीं पुस्तकें कामकरी माणसांच्या हातांत गेलीं होतीं. आंद्रेस बोनिफासियो हा लहानपणीं आईबाप गेल्यावर भावंडांसह काठ्या व कागदी पंखे करून विकीत असे. पुढें वखारींत नोकरीला लागला, आणि वाचून वाचून शहाणा झाला. त्यानें १८९२ सालीं ‘कातिपुनान’ नांवाची गुप्त संस्था काढली. एमिलियो हासिंतो हा विशीच्या आंतबाहेरचा विद्यार्थी तिचा लेखणीबहाद्दर. संस्थेंत येणाऱ्यासाठीं त्यानें जी नियमावली लिहिली, तींत देशासाठीं मरण्याच्या गोष्टी तर आहेतच. पण स्त्रीला खेळणें समजूं नये, ती संसाराच्या कष्टांतली साथीदार आहे, हेंही कलम आहे. बंदुका गोळा करणाऱ्या संस्थेला हें कलम कशाला हवें होतें? कारण जो घरांत जुलमी आहे, त्याला बाहेरच्या जुलमाविरुद्ध तोंड उघडण्याचा हक्क नाहीं, हें त्या विशींतल्या पोराला कळलें होतें.

आणि बोनिफासियोची बायको ग्रेगोरिया द हेसूस! तिनें १९२८ सालीं आपल्या आयुष्याच्या थोड्याशा आठवणी लिहिल्या. काळोकान गांवच्या सुतारकाम-गवंडीकाम करणाऱ्या घरची ही मुलगी. शाळेंत हुशार, पण दोन भावांना मनिलांत शिकतां यावें म्हणून तिनें आपली शाळा सोडली, आणि पेरणी-कापणीवर देखरेख करावयास ती शेतावर जाऊं लागली. बोनिफासियोनें मागणी घातली तेव्हां बापाला तें पसंत पडलें नाहीं, कारण हा मनुष्य फ्रीमेसन, म्हणजे मठवाल्यांच्या लेखीं धर्मबुडव्या. मुलीला आईबापांनीं दुसऱ्याच्या घरीं ठेवून दिलें. अठरा वर्षांच्या त्या मुलीनें अधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागितली. लग्न झालें, एकदां चर्चमध्यें, आणि आठवड्यानें पुन्हां कातिपुनानच्या रीतीनें. संस्थेचे कागद ती सांभाळी. पोलीस झडतीला येणार असें कळलें कीं, कागद गाडींत घालून ती रस्त्यांनीं हिंडे. तान्हा मुलगा देवीच्या सांथींत गेला. १८९७ सालीं नवऱ्याला, परक्यांनीं नव्हे, आपल्याच क्रांतिपक्षाच्या सरकारनें देहांत शासन दिलें. पुढें तिनें हूलियो नाकपिल या क्रांतींतल्याच गवयाशीं दुसरें लग्न केलें आणि संसार केला. आठवणींच्या शेवटीं तिनें तरुणांना कांहीं उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. मारिया क्लारेचा पोशाख करणाऱ्या देशानें ग्रेगोरियाचें चरित्र जास्त मन लावून वाचावें, असें आमचें नम्र मत आहे.

रिझालच्याही एका म्हणण्यावर येथें आमची हरकत आहे. त्याच्या पत्रांत मुलीचें मोल बरेंचसें ती कशी आई होईल यावर ठरतें. ग्रेगोरियाचें मूल तर गेलें. मग तिची देशसेवा कमी झाली काय? बाई ही वीरपुत्रांची केवळ शेतजमीन नव्हे. ती स्वतः नांगर धरणारी आहे, हें तिनें करून दाखविलें.

आतां शेवटची एक गोड गोष्ट सांगतों, म्हणजे शेतकऱ्याच्या घराला या पुस्तकांनीं दोषच दिला असें कोणास वाटावयास नको. मान्युएल आर्गियाच्या १९४० सालीं निघालेल्या संग्रहांत एक कथा आहे. ला उनियोन प्रांतांतल्या खेड्यांतला हा लेखक; १९४४ सालीं जपान्यांनीं त्याला ठार केलें. त्याच्या कथेंत लेओन नांवाचा शिकलेला मुलगा शहरची बायको करून गांवीं आणतो. बाप धाकट्या पोराला सांगतो, घोडागाडी नको, लाबांग बैलाची गाडी ने, आणि सडकेनें न येतां शेतांतून आण. रात्र पडते, चांदण्या निघतात, गाडी खडखडते. उंच टांचांच्या बुटांची ती पोरगी आधीं बैलाला भिते, मग त्याच्या कपाळाला हात लावते. वाटेनें लेओन गाणें म्हणतो. तें गाणें तो बापाबरोबर रात्रीं गवत कापतांना म्हणत असे. तीही त्याच्या सुरांत सूर मिळविते. घरीं आल्यावर बाप धाकट्याला विचारतो: ती लाबांगला भ्याली काय? गाणें म्हटलें काय? एवढेंच. हुंडा किती, घर कोणतें, असा एक प्रश्न नाहीं. आपल्या मातीचा तिला कंटाळा येईल कीं नाहीं, इतकेंच त्या म्हाताऱ्याला पाहावयाचें आहे. परीक्षा सुनेचीच झाली, मुलाची कोणीं घेतली नाहीं, ही उणीव आहेच. पण शेतकरी बापाची ही परीक्षा आम्हांस शंभर बैठकींपेक्षां शहाणपणाची वाटते.

फिलिपाइन्सच्या सरकारनें १९५६ सालीं कायदा करून रिझालचें चरित्र व पुस्तकें शाळा-कॉलेजांत सक्तीचीं केलीं. चर्चनें तेव्हांही जोराचा विरोध केला. कायदा झाला हें चांगलें झालें. परंतु मास्तर या नात्यानें आम्हांस ठाऊक आहे कीं, परीक्षेसाठीं वाचलेलें पुस्तक घरच्या उंबऱ्याशीं थबकतें. पोरगा इबाराचें नांव उत्तरपत्रिकेंत लिहितो आणि बहिणीच्या लग्नाची बोली चालली असतां गप्प बसतो.

दुसऱ्याला काय बोलावें? आमच्याच शाळेंत एक मुलगी होती. गणितांत मुलांच्या पुढें. सातवीनंतर तिला घरीं बसविलें, कारण भावाला तालुक्याला ठेवावयाचें होतें आणि दोघांचा खर्च झेपत नव्हता. दोन वर्षांनीं तिचें लग्न झालें. वय भरलें नव्हतें हें आमच्या शाळेच्या रजिस्टरांतच लिहिलेलें होतें. तिच्या बापाला आम्ही एक शब्द बोललों नाहीं. लग्नाच्या पंगतीला मात्र जेवून आलों, आणि त्याच महिन्यांत पंधरा ऑगस्टला देशभक्तीवर भाषणही केलें. ग्रेगोरियाच्या आठवणींत तिनें भावांसाठीं शाळा सोडल्याचें वाक्य आम्हीं वाचलें, तेव्हां तीच मुलगी डोळ्यांपुढें आली. ग्रेगोरियानें निदान पुढें आपल्या लग्नासाठीं दाद मागितली. आमच्या मुलीला दाद कोणाकडे मागावयाची हेंसुद्धां आम्हीं कधीं शिकविलें नव्हतें.

म्हणून बंधुभगिनींनो, सभेंतल्या भाषणांत आम्हांस आतां फारसा रस उरला नाहीं. ज्याच्या घरीं यंदां मुलीच्या लग्नाची बोलणीं निघतील, त्यानें आधीं तिला जवळ बसवून विचारावें, आणि ती नाहीं म्हणाली तर तें नाहीं ऐकावें. ज्याच्या मुलाचें लग्न आहे, त्या मुलानें स्वतः तोंड उघडून सांगावें, कीं मला देणें नको. या खेपेला सातवीचा निकाल लागला कीं आम्ही स्वतः घरोघर जाणार आहों. दारांत आम्हांला पाहून कोणाला राग आला तर त्यानें आमच्यावर खुशाल रागवावें. पण पोरीला शाळेंत पाठवावें.